एकच अडसर काढून मज्जारज्जू सांधतो का? नोगो-ए विरोधी अँटिबॉडीचं प्रकरण

प्रकरण काय आहे

मे २०१९ ते जुलै २०२२ या काळात स्वित्झर्लंड, जर्मनी, स्पेन आणि झेक प्रजासत्ताक इथल्या १३ रुग्णालयांत एक क्लिनिकल चाचणी चालली. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला नुकतीच इजा झालेले ४६३ रुग्ण तपासले गेले, त्यांतले १२९ चाचणीत आले. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं तसंच दिसणारं इंजेक्शन, हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं, आणि ते रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला माहीत नव्हतं. औषध म्हणजे मज्जारज्जूत चेतातंतूंची वाढ रोखणाऱ्या नोगो-ए या प्रथिनाला अडवणारी अँटिबॉडी. प्रत्येकी ४५ मिलिग्रॅमची ६ इंजेक्शनं ४ आठवड्यांत कमरेतून मेरुद्रवात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, दिली गेली. सहा महिन्यांनी मुख्य निकषावर, म्हणजे हातांच्या स्नायूंच्या ताकदीत, दोन गटांत फरक दिसला नाही.

या औषधामागे त्या वेळी तीस वर्षांहून अधिक काळाचं काम होतं. उंदरांत परिणाम दिसला होता, माकडांत दिसला होता, माणसांत सुरक्षितता तपासून झाली होती. मग घोडं अडलं कुठे? आमच्या मते उत्तर एकट्या रेणूत सापडत नाही. ते वाटेत घेतलेल्या काही निर्णयांत विखुरलेलं आहे आणि त्यांतला प्रत्येक निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता.

पार्श्वभूमी

मनगटाजवळ नस कापली गेली आणि ती नीट शिवली, तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. मज्जारज्जूत कापलेला तंतू जखमेपर्यंत येतो, त्याचं टोक फुगतं आणि तिथेच थांबतं. दोष तंतूचा की परिसराचा, हा प्रश्न जुना होता. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट आग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मेंदूच्या देठापासून मज्जारज्जूपर्यंत पुलासारखा बसवला. मध्यवर्ती चेतापेशींचे तंतू त्या तुकड्यातून सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. तुकडा संपून पुन्हा मज्जारज्जूची ऊती लागली की मात्र ते थबकत. याचा अर्थ या पेशींत वाढण्याची क्षमता होती आणि मध्यवर्ती ऊती त्यांना पुढे जाऊ देत नव्हती.

१९८५ मध्ये मार्टिन श्वाब आणि हान्स थोनेन यांनी प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या चेतापेशींसमोर दोन वाटा ठेवल्या. एकीकडे पायातल्या सायटिक नसेचा तुकडा होता, दुसरीकडे डोळ्यामागच्या दृष्टिनसेचा. वाढीला लागणारे पोषक घटक भरपूर घातलेले होते. तंतू सायटिक नसेत शिरले, दृष्टिनसेत शिरले नाहीत. दृष्टिनस गोठवून मारून टाकली तरी तेच झालं. त्यामुळे रोखणारी वस्तू त्या ऊतीत आधीपासूनच बसलेली असणार, हे स्पष्ट झालं. पुढे मायलिनमधून, म्हणजे तंतूंभोवतीच्या चरबीयुक्त आवरणातून, असे दोन प्रथिन-अंश वेगळे निघाले आणि १९८८ मध्ये त्यांना निष्प्रभ करणारी आयएन-१ ही अँटिबॉडी तयार झाली. १९९० मध्ये ती तयार करणाऱ्या पेशी उंदरांच्या मेंदूत ठेवल्या, तेव्हा मेंदूकडून हालचालीचे आदेश आणणारे कॉर्टिकोस्पायनल तंतू जखमेपलीकडे ७ ते ११ मिलिमीटरपर्यंत पोचले. अँटिबॉडी नसलेल्या उंदरांत ते क्वचितच १ मिलिमीटरच्या पुढे गेले होते.

अडसर नेमका कसा चालतो

नोगो-ए हे मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींच्या पृष्ठभागावर असतं. त्याचे दोन भाग वाढ रोखतात आणि ते वेगवेगळ्या रिसेप्टरांना, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात. ६६ अमिनो आम्लांचा एक लूप तंतूवरच्या एनजीआर१ या रिसेप्टरला धरतो. एनजीआर१ स्वतः पेशीच्या आत डोकावत नाही, त्यामुळे त्याला पी७५ किंवा ट्रॉय आणि लिंगो-१ असे सोबती लागतात. त्यांच्यामार्फत आतलं आरएचओए हे प्रथिन जागं होतं, ते आरओसीके या एन्झाइमला चालू करतं, आणि तंतूच्या वाढत्या टोकाला आधार देणारी ॲक्टिन या प्रथिनाची बांधणी कोसळते. टोक आक्रसतं आणि वाढ थांबते. नोगो-एचा दुसरा भाग एस१पीआर२ या वेगळ्या रिसेप्टरवरून जातो, पण तोही आरएचओएलाच जागं करतो.

हे प्रकरण समजायला दोन बाबी लागतात. पहिली, मायलिनमधली आणखी दोन प्रथिनं, एमएजी आणि ओएमजीपी, त्याच एनजीआर१ला चिकटतात. दुसरी, मायलिन हा अडसराचा एकच थर आहे. जखमेभोवती ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशी आणि इतर पेशी मिळून कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकनचं दाट जाळं विणतात. त्याच्या लांब साखर-साखळ्या पीटीपी-सिग्मा नावाच्या रिसेप्टरला धरून तंतूला जागीच खिळवतात. शिवाय प्रौढ चेतापेशीच्या आत वाढीचं यंत्रच मंदावलेलं असतं. पीटेन हे जनुक त्यावर लगाम ठेवतं. ते काढल्यावर माउस जातीच्या उंदरांत कॉर्टिकोस्पायनल तंतू जखमेपलीकडे गेल्याचं २०१० मध्ये दिसलं. आणि या सगळ्याच्या मधोमध, मोठ्या इजेत, द्रवाने भरलेली पोकळी असते. तंतूला रोखणारे सगळे रेणू बाजूला केले तरी पोकळीत चढायला आधार नसतो.

समोर असलेले पर्याय

अडसर इतके, तर आधी कोणता धरायचा? प्रत्येक पर्यायाची आपापली अडचण होती.

कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे एन्झाइम जाळ्यातल्या साखर-साखळ्या तोडतं. २००२ मध्ये उंदरांत त्याने तंतूंची वाढ आणि हालचाल दोन्ही सुधारल्या. पण ते प्रोटियस वल्गॅरिस या जिवाणूपासून मिळतं, शरीराच्या तापमानाला काही दिवसांत त्याची धार जाते आणि परकं प्रथिन म्हणून शरीर त्याच्याविरुद्ध उठण्याचा धोका राहतो. पुन्हा पुन्हा द्यावं तर जखमेत पुन्हा पुन्हा सुई घालावी लागते.

आरएचओएला थेट अडवायचा मार्ग मोहक होता, कारण बरेच अडसर शेवटी तिथेच येऊन मिळतात. असं एक औषध शस्त्रक्रियेच्या वेळी फायब्रिनच्या चिकट द्रवात मिसळून मज्जारज्जूच्या आवरणावर लावलं जायचं. इजेनंतर ७२ तासांच्या आत, एकदाच. त्याची मोठी चाचणी यश मिळण्याची शक्यता उरली नाही म्हणून २०१८ मध्ये थांबवली गेली.

पीटेन माणसात बंद करणं सोपं नाही. हे जनुक गाठी होऊ न देणारं आहे, त्याला हात लावायचा तर कर्करोगाची भीती घेऊनच.

अँटिबॉडीची बाजू यांच्यापुढे भक्कम वाटली. लक्ष्य पेशीच्या बाहेर आहे, त्यामुळे औषधाला आत शिरावं लागत नाही. अँटिबॉडी मोठ्या प्रमाणात, एकसारख्या दर्जाची बनवण्याचं तंत्र उद्योगाकडे होतं. काही आठवड्यांनी ती शरीरातून निघून जाते, म्हणजे काही बिघडलंच तर कायमचं बिघडत नाही. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यांत वजनदार वाटतो.

पहिला निर्णय: परस्परविरोधी पुराव्याचं काय करायचं

२००० मध्ये नोगोचं जनुक तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. आता ते जनुकच नसलेले उंदीर तयार करून सोक्षमोक्ष लागेल अशी अपेक्षा होती. २००३ मध्ये तीन गटांचे निष्कर्ष एकाच नियतकालिकात पाठोपाठ छापले गेले आणि गोंधळ वाढला. एकाला भरपूर वाढ दिसली, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला जवळपास काहीच नाही. २०१० मध्ये नोगो, एमएजी आणि ओएमजीपी ही तिन्ही नसलेल्या उंदरांवर दोन गटांनी काम केलं, तेव्हाही निष्कर्ष उलटसुलट आले.

यामागची काही कारणं आता कळतात. उंदरांचा वंश बदलला की वाढीचं प्रमाण बदलतं. जन्मापासून एक प्रथिन नसेल तर शरीर दुसऱ्यावर काम भागवतं. अचानक अँटिबॉडी देणं ही निराळी परिस्थिती आहे. आणि मोजणीतला सर्वांत मोठा सापळा म्हणजे वाचलेला तंतू पुन्हा वाढलेला समजणं. जखम करताना चार तंतू शिल्लक राहिले, तर तंतू दिसावेत म्हणून घातलेलं रंगद्रव्य त्यांच्यातूनही खाली उतरतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते पुनर्वाढीसारखेच दिसतात. ओळखायची खूण अशी: नव्याने वाढलेला तंतू सहसा वेडावाकडा जातो, फाटे फोडतो, नेहमीची वाट सोडून जातो. सरळसोट, आपल्या मूळ जागी आणि जखमेपासून फार दूरवर दिसणारा तंतू संशयास्पद मानावा.

संशोधकांनी विरोधी निष्कर्षांमुळे काम थांबवलं नाही, अँटिबॉडीच्याच मार्गाने पुढे गेले. आमच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा नव्हता. पण त्या गोंधळातून एक गोष्ट तेव्हाच ठळकपणे नोंदवायला हवी होती. परिणाम जिथे दिसला तिथे तो प्रामुख्याने अर्धवट जखमांत दिसला. तंतू जखमेच्या मधून सरळ पार झाले नव्हते. ते शिल्लक राहिलेल्या ऊतीच्या कडेने वळसा घेऊन गेले होते, आणि न तुटलेल्या तंतूंनी नवे फाटे फोडले होते.

दुसरा निर्णय: औषधाचं रूप आणि पोचवण्याची वाट

आयएन-१ ही आयजीएम प्रकारची, म्हणजे पाच एककं जोडलेली अवजड अँटिबॉडी होती. ती ऊतीत नीट शिरत नव्हती. म्हणूनच सुरुवातीला अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच मेंदूत ठेवाव्या लागल्या. माणसात हे अशक्य होतं, तेव्हा आकाराने कितीतरी लहान अशा आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी घडवल्या गेल्या. उंदरांत त्या बारीक पंपाने २ आठवडे, जखमेजवळ ठेवलेल्या नळीतून दिल्या. २००६ मध्ये मकाक माकडांत ७व्या आणि ८व्या मानेच्या खंडांच्या सीमेवर एका बाजूला छेद देऊन ४ आठवडे औषध दिलं गेलं. अरुंद खाचांतून अंगठा आणि तर्जनीने खाण्याच्या गोळ्या उचलण्याचं कौशल्य औषध मिळालेल्या माकडांत जास्त परतलं.

माणसात पहिली चाचणी २००६ ते २०११ दरम्यान झाली. ५२ रुग्ण, इजेनंतर ४ ते ६० दिवस. काही गटांना नळीतून सलग औषध दिलं, नंतरच्यांना सुट्या इंजेक्शनांनी. औषध सहन झालं. पण बाहेरच्या पंपाला जोडलेली नळी आठवडेच्या आठवडे मेरुद्रवात ठेवणं म्हणजे जंतूंना सरळ वाट देणं. म्हणून पुढे कमरेतून सुट्या इंजेक्शनांची पद्धत स्वीकारली गेली.

सुरक्षिततेसाठी हा निर्णय योग्यच होता. त्याची किंमत मात्र अंतरात मोजावी लागते. माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. इंजेक्शन कमरेत, जखम मानेत. मेरुद्रव एकूण १५० मिलिलिटरच्या आसपास आणि रोज नवा तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळा बदलतो. उंदराला जखमेशेजारी सतत मिळणारं औषध इथे दूरवरून, लाटांच्या रूपात पोचणार होतं. मेरुद्रवातली पातळी मोजता येते. मानेतल्या जखमेच्या ऊतीत, खोलवर किती पोचलं, हे जिवंत रुग्णात मोजता येत नाही.

तिसरा निर्णय: कोणाला घ्यायचं

पहिल्या चाचणीत फक्त पूर्ण इजेचे, म्हणजे जखमेखाली हालचाल किंवा संवेदना न उरलेले, रुग्ण घेतले. कारण नैतिक होतं. ज्याची थोडी हालचाल शिल्लक आहे त्याला नव्या औषधाने अपाय झाला तर ती थोडीही जायची. पण सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य असलेला हा गट परिणाम दिसण्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण होता. पूर्ण इजेत वळसा घ्यायला ऊतीची कडच बहुधा उरलेली नसते.

दुसऱ्या चाचणीत, ज्यापासून हे प्रकरण सुरू झालं, पूर्ण आणि अपूर्ण दोन्ही प्रकारच्या इजा घेतल्या. वय १८ ते ७०, इजेनंतर ४ ते २८ दिवसांत पहिलं इंजेक्शन. मानेची तीव्र इजा आणि एवढी अरुंद मुदत, यामुळे रुग्ण मिळणं अवघड होतं. अपूर्ण इजेपुरतंच मर्यादित ठेवलं असतं तर ते आणखी लांबलं असतं. सगळ्यांना एकत्र घेण्यामागचं हे व्यावहारिक कारण आम्ही कमी लेखत नाही.

मुख्य निकष ठरला हातांच्या स्नायूंचे गुण. पद्धत अशी: प्रत्येक हाताचे ५ स्नायुगट तपासायचे. कोपर वाकवणारा, मनगट वर उचलणारा, कोपर सरळ करणारा, बोटं मिटणारा आणि करंगळी बाहेर नेणारा. प्रत्येकाला ० ते ५ गुण, दोन हात मिळून ५०. तपासणी स्वस्त, जगभर सारखी आणि प्रशिक्षणाने एकसारखी करता येण्याजोगी आहे. तिची उणीवही ठाऊक असलेली आहे. स्नायूत ताकद आली का हे ती सांगते, रुग्ण चमचा धरू शकतो का हे सांगत नाही. शिवाय या गुणांत १ वरून २ आणि ४ वरून ५ या दोन्ही बदलांना सारखंच वजन मिळतं.

निकाल

विश्लेषणात औषधाचे ७८ आणि प्लासिबोचे ४८ रुग्ण आले. प्लासिबो गटाची सरासरी सुरुवातीला १९.२० होती, १६८व्या दिवशी ३०.९१ झाली. औषधाच्या गटाची १८.२३ वरून ३१.३१ झाली. दोन गटांतल्या सुधारणेचा हिशेबाअंती उरलेला फरक १.३७ गुण, आणि ९५ टक्के विश्वासपट्टा, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या मर्यादांत असेल तो पट्टा, उणे १.४४ ते अधिक ४.१८. पट्ट्यात शून्य येतं, म्हणून औषधामुळे फरक पडला असं म्हणता येत नाही.

या आकड्यांत आम्ही सर्वांत जास्त वेळ प्लासिबोच्या ओळीवर थांबतो. काहीही खास न देता, चांगल्या पुनर्वसनावर, सहा महिन्यांत जवळपास १२ गुणांची सुधारणा. इजेनंतरची सूज उतरते, न तुटलेले पण बधिर झालेले तंतू पुन्हा काम करू लागतात, शिल्लक मार्ग स्वतःच फाटे फोडतात. एवढ्या मोठ्या नैसर्गिक लाटेवर औषधाची छोटी भर ओळखायची, तर गट फार मोठे हवेत किंवा फार एकसारखे. इथे दोन्ही नव्हतं.

याच ओळीचा आपल्याकडच्या कुटुंबांनाही उपयोग आहे. इजेनंतरच्या पहिल्या महिन्यांत पैसे घेऊन दिलेलं कोणतंही इंजेक्शन ‘लागू पडल्यासारखं’ दिसू शकतं, कारण सुधारणा तशीही चालूच असते. भारतात २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेत स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. कोणी ते नेहमीचा उपचार म्हणून विकत असेल, तर चाचणीची नोंदणी आणि तुलनेचा गट कुठे आहे, हे आधी विचारावं.

औषधाच्या गटात सुरक्षिततेची नवी चिंता पुढे आली नाही. भलत्याच ठिकाणी फाटे फुटून वेदना किंवा ताठरपणा वाढेल ही भीती सुरुवातीपासून होती, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. आणि उपगटांत पाहिलं, तर ज्यांची हालचाल काही प्रमाणात शिल्लक होती अशा रुग्णांत औषधाने ताकद आणि रोजच्या कामातलं स्वावलंबन या दोन्हींत सुधारणेकडे कल दिसला. अपूर्ण इजेत परिणाम आणि पूर्ण इजेत नाही, हे चित्र उंदरांच्या प्रयोगांशी जुळतं. एनजीआर१चं नकली रूप वापरून मायलिनचे अडसर पकडणाऱ्या आणखी एका औषधाच्या चाचणीतही, जी जुनी इजा असलेल्यांवर झाली, मुख्य निकष हुकला आणि आशेचा कल अपूर्ण इजेच्याच रुग्णांत दिसला. दोन वेगळ्या औषधांत एकच नक्षी उमटणं आम्हाला योगायोग वाटत नाही. तरी उपगटावरून औषध सिद्ध होत नाही. त्यावरून पुढची चाचणी आखता येते, एवढाच त्याचा अधिकार.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट निवडीची. शिल्लक ऊतीची कड एमआरआयवर मिलिमीटरमध्ये मोजता येते, आणि चुंबकीय उद्दीपनाने मेंदूपासून हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोचतो का हे पाहता येतं. नोगो-ए विरोधी औषधाची क्रियाच वाचलेल्या तंतूंवर अवलंबून आहे, तर हे दोन निकष प्रवेशाच्या दारातच लावायला हवेत. रुग्ण कमी मिळतील हे खरं. पण ज्यांच्यात औषधाला धरायला तंतूच नाही असे रुग्ण घेऊन संख्या वाढवल्याने खरा परिणाम झाकला जातो.

दुसरी गोष्ट व्यायामाच्या वेळेची, आणि इथे प्राण्यांतला पुरावा पुरेसा ऐकला गेला असं आम्हाला वाटत नाही. मज्जारज्जूची अपूर्ण इजा झालेल्या उंदरांत अँटिबॉडी आणि ट्रेडमिलचा सराव एकाच वेळी दिल्यावर अपेक्षित बेरीज झाली नाही, दोन्ही एकमेकांच्या आड आले. २०१४ मध्ये पक्षाघाताच्या उंदरांत क्रम तपासला गेला. आधी अँटिबॉडी आणि नंतर सघन सराव, यात पुढच्या पंजाचं कौशल्य सर्वांत चांगलं परतलं. दोन्ही एकत्र दिल्यावर निकाल खराब होता. आधी फाटे फुटू द्यायचे आणि मग सरावाने त्यांतले कामाचे राखायचे, असा त्याचा अर्थ लागतो. रुग्णाला मात्र इंजेक्शनांच्या चार आठवड्यांत पुनर्वसन थांबवा असं सांगता येत नाही. सांध्यांचे व्यायाम, छातीची काळजी, बसवणं हे चालूच राहायला हवं. हाताच्या कौशल्याचा सघन सराव मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर वाढवत नेता येईल, आणि रोज किती मिनिटं कोणता सराव झाला याची प्रत्येक केंद्रात एकाच तक्त्यात नोंद ठेवता येईल.

तिसरी, एका अडसरावर थांबण्याची. चाचणी करणाऱ्यांच्या दृष्टीने एका वेळी एकच औषध हे नियमांत बसणारं आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने नोगो-ए बाजूला केल्यावर एमएजी, ओएमजीपी, प्रोटिओग्लायकन आणि पेशीच्या आतला लगाम जागच्या जागी आहेत. त्यात जखमेभोवती ॲस्ट्रोसाइट आणि इतर पेशींचा जो व्रण बनतो, तो म्हणजे निव्वळ शत्रू नाही. २०१६ मध्ये ॲस्ट्रोसाइटचा व्रण होऊच दिला नाही, तेव्हा उंदरांत तंतू अधिक वाढले नाहीत. उलट व्रणातल्या पेशी वाढीला पोषक रेणूही बनवत असल्याचं दिसलं. म्हणून जोड-उपचारात व्रण उखडण्यापेक्षा पीटीपी-सिग्मासारखा रिसेप्टर अडवणं सयुक्तिक आहे. तो उपचार आणि नोगो-ए विरोधी अँटिबॉडी यांची जोडी आधी अर्धवट जखमेच्या उंदरांत, दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत, कापलेले आणि वाचलेले तंतू वेगळे ओळखण्याची सोय ठेवून तपासावी.

राहिला मोजमापाचा प्रश्न. ५० पैकी गुणांबरोबर पकड, चिमूट आणि वस्तू हलवण्याची प्रत्यक्ष चाचणी मुख्य निकषात असावी, आणि शेवटची तपासणी १६८व्या दिवसावर न थांबता वर्षभरापर्यंत न्यावी. नवा फाटा फुटणं, त्याची जोडणी होणं आणि त्यावर मायलिन चढणं ही कामं चार आठवड्यांच्या औषधानंतर बराच काळ चालू राहू शकतात.